जम्बो म्हणजे नेमका केवढा?

रविवारी लोकलने कुठे जायचं असेल तर मुंबईकर आधी ब्लॉक बघतो. मध्य रेल्वेवर ‘मेगाब्लॉक’ असतो, पश्चिम रेल्वेवर ‘जम्बो ब्लॉक’. काम दोन्हीकडे तेच, रुळांचं, सिग्नलचं, ओव्हरहेड वायरचं. तासही साधारण तेवढेच. पश्चिमवाल्यांचे हाल मध्यवाल्यांपेक्षा जास्त होतात असंही कोणी म्हणणार नाही. २०२४च्या मे अखेरीस ठाण्याचा फलाट रुंद करायला मध्य रेल्वेने ६३ तास घेतले, तेव्हा मात्र नुसतं ‘मेगा’ पुरेना. काही बातम्यांत थेट ‘जम्बो मेगाब्लॉक’ अवतरला.

मोठेपणा सांगणारे शब्द इंग्रजीत ढिगाने आहेत. पण ‘जम्बो’ साऱ्या जगात पोहोचला तो एका हत्तीच्या पाठीवर बसून. शब्द त्याआधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोजड, अगडबंब माणसाला इंग्रजी बोलीत तसं म्हणत. हत्तीला ते नाव कशावरून पडलं यावर पंडितांचं एकमत नाही, आणि आपलं त्यावाचून काही अडतही नाही.

हत्ती आफ्रिकेतला. १८६०च्या सुमारास जन्मलेलं हे पिल्लू पकडून आधी पॅरिसला नेलं आणि १८६५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणलं. आलं तेव्हा पार खंगलेलं होतं. मॅथ्यू स्कॉट नावाच्या राखणदाराने त्याला जगवलं, पुढे वीस वर्षं त्याची पाठ सोडली नाही. लंडनची पोरंबाळं, अगदी राणी व्हिक्टोरियाची मुलंसुद्धा, त्याच्या पाठीवर बसून फिरली. दिवसा गरीब गाय असलेला हा प्राणी रात्री मात्र बेभान व्हायचा, भिंतींना धडका द्यायचा. त्याला माज येतोय आणि एखाद्या दिवशी हा कोणाचा तरी जीव घेईल, अशी धास्ती संग्रहालयाच्या प्रमुखाने घेतली. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याचा सांगाडा तपासला, तेव्हा दाढा वेड्यावाकड्या वाढलेल्या आढळल्या. जन्मभर मऊ चारा, त्यामुळे दाढा झिजल्याच नाहीत. ते रात्रीचं थैमान बहुधा दाढदुखीचं होतं.

१८८२ मध्ये अमेरिकन सर्कसवाला पी. टी. बार्नम याने त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतलं. इंग्लंडभर गहजब झाला, शाळकरी मुलांनी राणीला पत्रं धाडली. निघायच्या दिवशी जम्बोने रस्त्यातच बसकण मारली, काही केल्या उठेना. बार्नमच्या माणसाने घाबरून तार केली. बार्नमचं उत्तर अस्सल व्यापाऱ्याचं होतं: पडायचं तेवढं पडू दे, याहून चांगली जाहिरात कुठली! जम्बो अमेरिकेला पोहोचेपर्यंत त्याच्या नावाने काय काय बाजारात आलं होतं. उंची? बार्नम सांगे चार मीटर. खरी भरली असती सव्वातीनच्या आसपास.

१५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडातल्या सेंट थॉमस गावी मालगाडीच्या धडकेने जम्बो मेला. बार्नमने कातडं आणि सांगाडा वेगवेगळे करून घेतले आणि दोन्ही दौऱ्यावर काढले. एका हत्तीचे दोन खेळ. कातडं लाकडी चौकटीवर चढवताना होईल तेवढं ताणून मोठं दाखवा, अशी सूचनाही त्याने कारागिराला दिली होती. मेल्यावर वाढलेला हा एकमेव हत्ती असावा. तेव्हा या शब्दात पहिल्यापासूनच माप थोडं आणि आरोळी जास्त.

आरोळीला गिऱ्हाइकं भरपूर मिळाली. ९ फेब्रुवारी १९६९ला बोइंग ७४७ने पहिलं उड्डाण केलं आणि लोकांनी त्याचं नाव ‘जम्बो जेट’ करून टाकलं. एअर इंडियाचं पहिलं जम्बो ‘सम्राट अशोक’ १९७१ मध्ये आलं, आणि १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून उडताच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. त्या पिढीच्या मुंबईकरासाठी ‘जम्बो’ म्हणजे नुसता थाट उरला नाही. अनिल कुंबळेच्या टोपणनावात तर हत्ती आणि विमान दोन्ही आहेत: मोठाली पावलं आणि टप्प्यावरून विमानासारखा उसळणारा चेंडू.

मराठी वर्तमानपत्रांनी मात्र या शब्दाचा सर्वांत चोख उपयोग राजकारणात केला. ‘जम्बो मंत्रिमंडळ’, ‘जम्बो कार्यकारिणी’ वाचलं की आकडा कळो न कळो, कोणाकोणाची सोय लावली आहे ते कळतं. यातल्या मंत्रिमंडळाला २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने वेसण घातली. सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत, म्हणजे महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत मुख्यमंत्री धरून ४३. पक्षांच्या कार्यकारिणीला असा कायदा नाही, त्यामुळे उपाध्यक्ष आणि सरचिटणीसांचं पीक अजूनही जोमात असतं. २०२०च्या साथीत हाच शब्द बीकेसीतल्या आणि पुण्यातल्या ‘जम्बो कोविड सेंटर’वर जाऊन बसला. तिथे आरोळीचं कामच नव्हतं. खाटा खरोखरच शेकड्यांनी लागत होत्या.

माप पाळणारा जम्बोही आहे. अमेरिकेत अंड्यांची ती सरकारी प्रत आहे: डझनाचं वजन किमान ३० औंस, साधारण ८५० ग्रॅम, भरलं पाहिजे. सिमेंट किंवा प्लास्टिकचे दाणे वाहणाऱ्या ‘जम्बो बॅगे’त टनभर माल मावतो. आणि पुण्या-मुंबईत आर्किटेक्टांच्या कचेऱ्यांच्या आसपास ‘जम्बो झेरॉक्स’ची पाटी हमखास दिसते. इमारतीचा ‘ए-झीरो’ नकाशा ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे चौरस मीटरभर. त्यात घरच्या प्रिंटरचे सोळा ‘ए-फोर’ कागद बसतात. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचे सेक्रेटरी तो घडीचा नकाशा काउंटरवर उलगडतात, दोघं मिळून कडा धरतात, आणि दुकानदार फूटपट्टीला हातही न लावता नुसत्या नजरेने साईज सांगतो.