पायाखालचा क्लच

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात सगळ्या कारागिरांनी एकदम पायडलवरचा पाय उचलला, तरी आवाज थांबत नाही. सुया थांबतात, टेबलाखालची गुणगुण चालूच राहते. तिथे लटकलेली क्लच मोटर बटण बंद करेपर्यंत मिनिटाला साधारण २८५० फेऱ्यांनी फिरत असते. शिवण कधी सुरू व्हायची आणि कुठे थांबायची, ते ठरवतो तिच्या पोटातला क्लच.

दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर आलेले सिंधी, ८ ऑगस्ट १९४९ला मिळालेलं नाव, हे या शहराबद्दल सगळे सांगतात. ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, जुना विनोदही पाठ असतो. वालधुनी नदीत जाणाऱ्या जीन्स धुलाईच्या पाण्याच्या बातम्याही झाल्या. जाड डेनिमवर टाका बसवणाऱ्या या लोखंडी गोळ्याकडे मात्र मेकॅनिकशिवाय कोणी वाकून बघत नाही.

आतली रचना साधी. मोटरच्या दांड्यावर जड चाक घट्ट बसवलेलं. त्याच्यासमोर, त्याच्यापासून सुटी, घर्षणाचं अस्तर लावलेली तबकडी. पायडल दाबलं की सळई तरफ ओढते, तबकडी फिरत्या चाकाला चिकटते. मग पुली, पट्टा, मशीनचं चाक आणि सुई. पाय सोडला की स्प्रिंग तबकडीला मागे ब्रेकवर टेकवते. चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये तबकडीला जागा जेमतेमच. तेवढ्यात मुरलेला कारागीर पाय अर्धवट दाबून, क्लच मुद्दाम घसरवत, खिशाच्या कोपऱ्यावर एकेक टाका मोजून टाकतो. मला तर ही कला शिवणाइतकीच मोठी वाटते.

बदलापूरकडच्या भातखाचरातल्या पॉवर टिलरचं कूळ हेच. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत तिथेही व्ही पट्टेच नेतात. परदेशात घराच्या बागेत फिरणाऱ्या कित्येक जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत तर पट्टा हाच क्लच असतो: एका पुलीने ताणला की गाडी चालते, सैल सोडला की उभी. दुखणीही तीच.

जीन्सच्या मशीनचं दुखणं बहुधा जाड जोडावर उघडं पडतं. सरळ शिवणीवर सुसाट जाणारी मशीन, चार-सहा पदरांचा जोड आला की अडते आणि खालून मोटर मात्र मजेत फिरत असते. अशा वेळी क्लच खोलायची घाई करू नये. आधी मोटर बंद करून पूर्ण थांबू द्यायची, मग ब्रेक सुटेल इतकंच पायडल दाबून वरचं चाक हाताने फिरवायचं. ते जड लागलं, तर बहुधा दोरा शटलमध्ये अडकलाय. मोटरचा दोष नाही. हलकं फिरलं, तर पट्ट्याच्या मध्यावर अंगठा दाबायचा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. त्याहून सैल असला, तर मोटरचा बोल्ट ढिला करून तिला जरा खाली उतरवायची. फार ताणलं तर बेअरिंगचा जीव जातो. पट्टा खाचेच्या दोन बाजूंना धरून चालतो. खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा झिजून खाली बसलाय; कितीही ताणा, घसरणारच.

पट्टा धड असूनही पुली मंदावली, तर मग अस्तर. निळं तूस आणि ठिबकलेलं तेल मिळून त्यावर काचेसारखी झिलई चढते आणि जळका वास सुटतो. उलट, पाय नुसता टेकवला तरी सुई पुढे सरकत असेल, तर तबकडी चाकाच्या फार जवळ आली आहे. ॲडजस्टमेंटचा स्क्रू थोडा फिरवून बघायचा. पाय उचलल्यावरही दोन-तीन टाके पडत असतील, तर ब्रेकचं अस्तर संपलं. हा दोष लगेच काढावा. सुईजवळ बोटं असतात.

आता सर्व्हो मोटरी आल्या. पाय दाबल्यावरच त्या फिरतात, वीज वाचते, टेबलाखाली शांतता असते. कापड जुळवण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो, तेव्हा रिकामी मोटर फिरवत ठेवणं उधळपट्टीच होती, हे मान्य. पण सर्व्होचं कार्ड गेलं की ते बदलायचं, पाना-स्क्रूड्रायव्हर कामाचे नाहीत. जुनी मोटर भंगारात जाते, आतल्या तांब्याच्या भावाने. देण्याआधी मेकॅनिक तिची तबकडी, बरी असेल तर, काढून डब्यात टाकतो. मागच्या गल्लीत अजून तशाच दोन मोटरी चालू असतात.