पोहायला जायचं, पण कुठल्या पाण्यात?

एप्रिल सरता सरता परीक्षा संपतात आणि पुण्या-पिंपरीची भाचरं शिरूर-दौंडकडे मामाच्या गावाला येऊन थडकतात. दुसऱ्याच दिवशी मागणी होते : पोहायला न्या. मागणी रास्तच. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि पाण्याची तर आजूबाजूला रेलचेल. भीमा, घोड, कुकडी, मुळा-मुठा या नद्या. चिंचणीचं घोड धरण, वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव, यवतजवळचा माटोबा तलाव आणि खाली भिगवणकडे उजनीचा फुगवटा. अडचण एवढीच, की ही साठवण शेतीसाठी आणि पिण्यासाठी आहे. काठावर जीवरक्षक बसला असेल, अशी अपेक्षा धरून कुणी निघू नये.

म्हणून सहलीची आखणी डब्यात काय न्यायचं यापासून नाही, तर कुठलं पाणी कशासाठी यापासून सुरू व्हावी.

नद्यांचा पर्याय आधीच बाद करावा. मुळा-मुठा पुणे शहराचं सांडपाणी पोटात घेऊन भीमेला मिळते आणि तेच पाणी दौंडकडे जातं. जलपर्णीचे हिरवे गालिचे त्याची साक्ष देतात. घोड आणि भीमेच्या पात्रांत वाळूउपशाने खड्डे करून ठेवलेत. गुडघाभर पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून बुडतो, तो यामुळे. उन्हाळ्यात धरणांचं पाणी मागे हटतं तेव्हा काठाला वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा गाळ उरतो. कालव्याचं आवर्तन सुटलेलं असताना पाणी दिसतं संथ, पण ओढ जबर असते आणि अस्तराच्या उतारावर हाताला काही लागत नाही.

निघोजचे रांजणखळगे मात्र पाहायलाच हवेत. शिरूरहून साधारण 24 किलोमीटरवर, कुकडीच्या पात्रात. एका तीरावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेरचं निघोज आणि दोन्हीकडे मळगंगादेवीचं देऊळ. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गरागरा फिरून काळ्या बेसाल्टला घासत राहिले आणि त्यातून हे रांजण कोरले गेले. मुलांना भूगोलाचा धडा इथे उभ्या उभ्या कळतो. पण ज्या गुळगुळीत भिंती पाहून डोळे निवतात, त्यांनाच धरून वर येता येत नाही. इथे पाय भिजवण्याचाही मोह नको.

नौकाविहाराची हौस असेल तर भिगवण. हिवाळ्यात पहाटे कुंभारगावला पोचलं की स्थानिक मच्छीमार होडीतून रोहित पक्षी दाखवतात आणि दुपारी त्यांच्याच घरी चिलापीचं कालवण मिळतं. होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, लहानग्यांना त्यांच्या मापाचं. मे 2024 मध्ये याच उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाची चिन्हं दिसली, तर होडीचे पैसे बुडाले तरी चालतील, काठावरच थांबावं.

मग पोहायचं कुठे? सरळ उत्तर : टाकीत. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आणि आसपास कृषी पर्यटन चांगलं रुजलंय आणि अशा अनेक केंद्रांत पोहण्याची टाकी असते. फोनवर जेवणाच्या ताटाचा भाव विचारतो तसे आणखी तीन प्रश्न विचारावेत. टाकी किती खोल आहे? पाणी केव्हा बदलता? काठावर पोहता येणारा माणूस असतो का? तिसऱ्याला ‘आहेत की सगळे’ असं उत्तर आलं, तर दुसरं केंद्र शोधावं. रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन सकाळी उरकून, दुपारचं ऊन झाडाखाली काढून, चारनंतर टाकीत उतरलं की दिवस छान जमतो.

पूर्वी गावात पोहणं शिकवलं जायचं विहिरीत. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा वाळलेला भोपळा, कमरेला दोर आणि त्या दोराचं टोक काठावरच्या काकाच्या मुठीत. साधन गावठी, पण एका पोरामागे एक जाणता माणूस हा हिशेब पक्का होता. आज दहा पोरांमागे एक मामा असतो आणि त्याच्याही हातात मोबाइल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2023 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यांतली एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, श्वासापुरतं तोंड वर काढण्यातच त्याची शक्ती संपते. म्हणून मोठ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात आणि ज्याची पाळी त्याने फक्त पाण्याकडे पाहावं. कुणी बुडू लागलं तर मागोमाग उडी नको. दोर, साडी, रिकामा कॅन, जे हाताशी येईल ते फेकावं आणि 108 किंवा 112 ला फोन लावावा.

आणि एक विनंती शेततळंवाल्यांना. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतार चढून बाहेर येता येत नाही. पाहुणी पोरं यायच्या आत तळ्याभोवती कुंपण घाला, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा आणि हवा भरलेली एक ट्यूब तिथे कायम ठेवा.