प्रवास आणि प्रकृती – लेखांक ५ : पाहुण्याची मच्छरदाणी आणि गावाचा ताप

मागच्या लेखांकात प्रवाशाने स्वतःची काळजी कशी घ्यावी, ते पाहिलं. आज पाहुण्यांवर ज्यांचं पोट चालतं, त्यांच्याकडे वळू.

मलेरियाचा डास जन्मतः निरुपद्रवी असतो. आजारी माणसाला चावल्यावर त्याच्या पोटात जंतू जातात, आणि दहा-बारा दिवसांनी तो दुसऱ्याला ताप देऊ शकतो. म्हणजे पर्यटकाला होणारा मलेरिया हा बहुधा त्याच परिसरातल्या, उपचार न मिळालेल्या कुणाचा तरी ताप असतो. नुसत्या पाहुण्याच्या पलंगाला जाळी लावून भागत नाही, ते यामुळेच.

आफ्रिकेत हे व्यवहारानेच शिकवलं. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि स्वाझिलंड (आताचं इस्वातिनी) यांच्या सीमेवरच्या लुबोंबो पट्ट्यात समुद्रकिनारे होते, अभयारण्यं होती. पण मलेरियाच्या धास्तीने पर्यटन वाढत नव्हतं. १९९९ मध्ये तिन्ही देशांनी एकत्र मोहीम आखली. सीमेच्या दोन्ही बाजूंना घरांच्या भिंतींवर औषध फवारलं गेलं, उद्योगांनीही हातभार लावला, आणि रुग्ण झपाट्याने घटले. संपूर्ण खंडाचं दुखणं मात्र मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार बळी घेतले. त्यांतले ९५ टक्के आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार मृतांमागे तीन पाच वर्षांखालची मुलं.

आपल्या शेजारी गोव्याचं उदाहरण आहे. १९८०च्या दशकात पणजीत मलेरियाने डोकं वर काढलं. बांधकामांवर साचलेलं पाणी आणि कामासाठी येणाऱ्या मजुरांची न झालेली रक्ततपासणी, ही त्यामागची मोठी कारणं. पुढे मजुरांसाठी आरोग्यपत्र आलं. विहिरी-टाक्यांतल्या अळ्या खाणारे स्थानिक मासेही वापरून पाहिले गेले.

आता आपल्याकडचं एखादं गाव घेऊ. पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला पावसाळ्यात धबधबे पाहायला माणसं येतात. तालुक्यातली तरुण मंडळी मुंबईत नोकरीला असतात आणि गणपतीला घरी परततात. शहरी मलेरिया पसरवणारा अॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो. डोंगराळ भागातली दुसरी जात स्वच्छ, संथ वाहणारे ओहोळ पसंत करते. येणं-जाणं आणि पाणी दोन्ही आहे, तिथे ताप येण्याची वाट कशाला पाहायची?

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा : पिंपं, हंडे उपडे करून घासायचे, टाकीला झाकण लावायचं. घरगुती निवास चालवणाऱ्याने पाहुण्यांच्या खोलीबरोबर स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या आणि वाट दाखवणाऱ्या पोराच्या घरीही मच्छरदाणी द्यावी. कुणाला थंडी वाजून ताप आला, तर आशाताईंकडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, पण जंतू यकृतात दडून राहतात. म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या होईपर्यंत त्या माणसाची मजुरी कापू नये. आजारी माणसाला उपचार पूर्ण करू देणं, हे पर्यटन व्यवसायाने मलेरियाविरुद्ध करण्यासारखं मोलाचं काम आहे.

पुढील लेखांकात : पावसाळी सहली आणि लेप्टोस्पायरोसिस.