एरंडेलाचं माप

1 मिलिलिटर द्रावणात औषध 6 मिलिग्रॅम आणि एरंडेलापासून बनवलेला द्रावक 527 मिलिग्रॅम. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेल या इंजेक्शनचं हे माप आहे. शरीराचं क्षेत्रफळ 1.6 चौरस मीटर असलेल्या बाईला, चौरस मीटरमागे 175 मिलिग्रॅम या रूढ हिशोबाने, 280 मिलिग्रॅम औषध लागतं. म्हणजे सुमारे 47 मिलिलिटर इंजेक्शन सलाईनमधून 3 तासांत शिरेत जातं आणि त्यासोबत साडेचोवीस ग्रॅम द्रावक. औषधाच्या जवळपास 88 पट!

किनवट तालुक्यात, सहस्रकुंड धबधब्याजवळच्या इस्लापुरात एरंडेल म्हटलं की आठवतो तो कोठा साफ करणारा चमचा. पण आजच्या वैद्यकात या तेलाचं मोठं काम जुलाबाचं नाही, औषध वाहून नेण्याचं आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून केलेला द्रावक त्याला धरून ठेवतो. या सोयीची किंमत मात्र रुग्ण मोजतो. आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधं देऊनही 2 ते 4 टक्के रुग्णांना तीव्र रिॲक्शन येते. हा द्रावक पीव्हीसीच्या पिशवीतलं रसायनही ओढून घेतो, म्हणून काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची बाटली लागते. 2005 साली अमेरिकेत हा द्रावक नसलेलं, अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं; ते 30 मिनिटांत देता येतं.

स्तनाच्या कॅन्सरवरच्या फुलव्हेस्ट्रंट या इंजेक्शनमध्ये मात्र एरंडेल जसंच्या तसं असतं. 250 मिलिग्रॅमच्या 2 सुया, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. तेल दाट, म्हणून प्रत्येक सुई एक-दोन मिनिटं सावकाश टोचायची. स्नायूत साठलेल्या तेलातून औषध पाझरत राहतं आणि सुरुवातीच्या डोसांनंतर महिन्यातून एकदा सुया पुरतात. सायक्लोस्पोरिन या औषधाच्या काही डोळ्यांच्या थेंबांतही एरंडेल आहे. त्याच तेलापासून मिळणारं अनडेसिलेनिक आम्ल पायाच्या बुरशीवरच्या पावडरीत जातं. जगातल्या एरंडीपैकी 80 टक्क्यांहून जास्त भारतात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत.

आता तो कोठा साफ करणारा चमचा. मोठ्या माणसाचा डोस 15 ते 60 मिलिलिटर, परिणाम साधारण 2 ते 6 तासांत. लहान आतड्यात तेल फुटतं आणि रिसिनोलिक आम्ल सुटतं; तेलातल्या मेदाम्लांपैकी ते 90 टक्क्यांच्या आसपास असतं. 2012 साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की हे आम्ल आतड्याच्या स्नायूतल्या ईपी-3 या ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करतं. तोच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूतही असतो. 'कळा याव्यात म्हणून एरंडेल' या जुन्या रिवाजाचं मूळ इथे आहे. पण कळा सुरू करण्याच्या उपायाचा पुरावा तुटपुंजा आहे: 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात 3 चाचण्या आणि 233 बाया एवढंच हाती लागलं. तेल प्यायलेल्या सगळ्यांना मळमळ झाली, फायदा ठामपणे सांगता आला नाही.

घरी तेल काढताना बिया भाजतात, कुटतात, पाण्यात उकळतात आणि वर आलेला तवंग काढून घेतात. बियांतलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. म्हणून कच्ची पेंड जनावरांपुढे टाकू नये आणि बिया पोरांच्या हाती लागू देऊ नयेत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो तान्ह्या बाळांसाठी. बाळाला धरून तोंडात तेल घातलं आणि ठसका लागला, तर ते थेट फुप्फुसात जातं आणि त्यातून न्युमोनिया होतो. जुलाबाने अंगातलं पाणी जातं ते वेगळंच, आणि चार किलोच्या जिवात ते असतंच किती? आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण बाळाला एरंडेल एक थेंबही पाजू नका. गरोदर बाईनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाळाला शी होत नसेल तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा.