पेरणीपूर्वीं तणाच्या बियांची झोपमोड

खुरपणीच्या मजुरीचा आंकडा वाढला कीं आपण पावसास बोल लावतों. परंतु ज्या तणापायीं हा खर्च होतो त्याच्या बिया जमिनींत कोणत्या अवस्थेंत पडून आहेत, याचा विचार पेरणीपूर्वीं क्वचितच होतो. ज्वारीचा दाणा ओल मिळतांच उगवतो. तणाच्या बिया तशा नव्हेत. त्यांपैकीं पुष्कळशा निजलेल्या असतात. अमेरिकेंतील मिशिगन येथें प्रो. बील यांनीं १८७९ मध्यें तणांच्या बिया २० बाटल्यांत घालून पुरल्या होत्या. त्यांतील एक बाटली २०२१ मध्यें, म्हणजे १४२ वर्षांनीं उकरली, तेव्हां तींतील कांहीं बिया उगवल्या!

ही निद्रा एका प्रकारची नसते. टाकळ्याचें (वऱ्हाडांत यासच तरोटा म्हणतात) कवच इतकें कठीण कीं आंत पाणी शिरत नाहीं. तेंच बीं दगडावर घासून भिजविलें तर फुगतें. कोंकणांत राब भाजतात, त्या आंचेनें पृष्ठभागावरील बारीक बिया जळतात हें खरें. पण मातीखालीं अर्धवट ऊब लागलेल्या कठीण बियांचें कवच तडकून त्यांची उगवण उलट वाढण्याचाहि संभव असतो. माठासारख्या बारीक बियांस उजेड लागतो. खोल नांगरट केली म्हणजे गाडलेल्या बिया वर येऊन जाग्या होतात, याचें कारण हेंच.

यावरून उपाय सुचतो. मशागतीनें व ओलीनें बिया पेरणीपूर्वींच जाग्या कराव्या, आठ-दहा दिवसांत तण दोन पानांवर आलें कीं कुळवाची उथळ पाळी देऊन तें मारावें, व लगेच पेरावें. पाळी दोन इंचांहून खोल जाऊं देऊं नये. नाहीं तर खालच्या नव्या बिया वर येऊन सर्व श्रम फुकट जातात. रब्बी ज्वारीच्या रानास पावसाळाभर अशा पाळ्या देतां येतात. बागाइतांत आधीं पाणी देऊन वाफशावर हेंच साधतें. खरिपांत मात्र तणासाठीं मृगाची पेरणी लांबवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे; गेलेला वाफसा परत येत नाहीं. लव्हाळा व हरळी यांस हा उपाय पुरेसा नाहीं, कारण तीं मुख्यतः गांठी व कांड्या यांपासून वाढतात.

शेणखताकडेहि पाहावें. जनावरांच्या पोटांतून कित्येक बिया जशाच्या तशा बाहेर पडतात. ओलसर ढिगाची उष्णता कांहीं दिवस ५५ ते ६० अंश सेंटिग्रेड राहिली तर बहुतेक मरतात. परंतु ढिगाच्या कडा थंड असतात, म्हणून तो दोन-तीनदां उलथावा. कच्चें खत घालणें म्हणजे विकतचें तण पेरणें होय.

टारफुल्याची गोष्ट निराळी. त्याचें धुळीसारखें बीं कांहीं दिवस ओलींत राहून ज्वारीच्या मुळाचा स्राव लागल्यावरच जागें होतें. कुळवास तें दाद देत नाहीं. मात्र कापसाच्या मुळांचा स्रावहि त्यास जागें करतो. १९६६ मध्यें तशा स्रावांतून हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. कापसाच्या मुळास टारफुला चिकटूं शकत नाहीं, व उगवलेला अंकुर उपाशीं मरतो. म्हणून टारफुल्याच्या रानांत ज्वारीवर ज्वारी न घेतां मध्यें कापूस घ्यावा, आणि पुढील ज्वारींत जीं थोडीं रोपें दिसतील तीं फुलण्यापूर्वीं उपटावींत. एकेका रोपास हजारों बिया धरतात.