भारोत्तोलकाचा प्रबाहुशूल : स्थाननिश्चिती व चिकित्साक्रम

तालमीतील जोर-बैठकांच्या जोडीला लोखंडी वजने आली आणि भरतीची तयारी करणाऱ्या तरुणापासून चाळिशीतील नोकरदारापर्यंत अनेक जण भारोत्तोलन करू लागले. त्यामुळे प्रबाहूतील, म्हणजे कोपर ते मनगट या भागातील, वेदनेचे रुग्ण वैद्यांना आता नित्य भेटतात. अशा रुग्णास ‘हे वाताचे दुखणे आहे, तेल चोळा, शेक घ्या आणि हात पूर्ण विश्रांतीत ठेवा’ असा सरसकट सल्ला देण्याची प्रथा आहे. आमच्या मते हा सल्ला काही रुग्णांत अपुरा, तर काहींत अपायकारक ठरतो. प्रथम स्थान, नंतर अवस्था आणि मग उपक्रम, हा क्रम येथे सोडता येत नाही.

विषयाचे गांभीर्य एका उदाहरणावरून ध्यानी येईल. २०२२ सालच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचे संकेत सरगर यांनी ५५ किलो वजनी गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. क्लीन अँड जर्क प्रकारात १३९ किलोच्या प्रयत्नात त्यांच्या उजव्या कोपरास दुखापत झाली आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. कूर्पर हे सुश्रुताचार्यांनी वैकल्यकर संधिमर्म म्हणून का सांगितले, हे अशा प्रसंगी पटते.

हेतू व संप्राप्ती

वजन पाठीसाठी उचलले जावो वा मांडीसाठी, दांडा धरावा लागतो तो प्रबाहूनेच. मूठ घट्ट आवळताना बोटे मिटविणाऱ्या पेशी काम करतात, त्याच वेळी मनगट स्थिर राखण्यासाठी मागील बाजूच्या पेशीही ताणल्या जातात. या दोन्ही समूहांना व्यायामाच्या प्रत्येक प्रकारात राबावे लागते, विश्रांती मात्र मिळत नाही. शिवाय मांसधातूचे बल काही आठवड्यांत वाढते, पण कंडरा दृढ होण्यास महिने लागतात. वजन झपाट्याने वाढविणाऱ्या तरुणाची कंडरा मागे पडते, ती याच कारणाने.

संहितांनी व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. अतिव्यायामाने वात प्रकुपित होऊन स्नायु-कंडरांचा आश्रय घेतो. जुनाट वेदनेत आधुनिक तपासणीतही शोथापेक्षा कंडरातंतूंचा ऱ्हासच अधिक आढळतो. म्हणून अशा रुग्णात केवळ शोथहर औषधांवर विसंबणे आम्हास युक्त वाटत नाही. तेथे क्षय ओळखून बृंहण योजावे लागते.

स्थाननिश्चिती

रुग्णास एका बोटाने दुखरी जागा दाखविण्यास सांगावे.

१) कोपराची बाहेरील बाजू : कोपर सरळ ठेवून, मनगट विरोधात वर उचलताना कळ येते. ‘टेनिस एल्बो’ म्हणतात तो हा विकार.

२) कोपराची आतील बाजू : मनगट विरोधात आत वळविताना वेदना होते. सोबत करंगळी व अनामिकेत मुंग्या असतील तर नाडीवरील दाबाचा विचार करावा.

३) मनगटाच्या मागे, अंगठ्याच्या बाजूस सुमारे चार बोटे वर : वेदना, सूज आणि मनगट हलविताना हाताला जाणवणारी करकर. येथे दोन कंडरासमूह एकमेकांवरून जातात. भारोत्तोलकांत हा प्रकार आढळतो, पण मनगटाची मुरड समजून पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

४) मानेपासून बोटांपर्यंत पसरणारी वेदना व बाहूची दुर्बलता : येथे विश्वाचीचा विचार करून मानेची तपासणी करावी.

कोणास तेल लावू नये

वजन उचलताना कोपराच्या पुढील बाजूस ‘फट्’ असा आवाज झाला, काळेनिळे पडले आणि दंडाचा फुगीर भाग वर सरकलेला दिसला, तर द्विशिरस्क पेशीची कंडरा तुटल्याची शंका घ्यावी. कोपर काटकोनात वाकवून, तळहात वर करून, बाहेरील बाजूने तर्जनी त्या कंडरेखाली अडकविण्याचा प्रयत्न करावा. बोट अडकत नसेल तर रुग्णास त्वरित अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. शस्त्रकर्म पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुकर असते. मर्दनात गेलेले दिवस रुग्णास महाग पडतात.

प्रबाहू दगडासारखा ताठ होऊन बोटे ताणताच असह्य वेदना होणे, बोटे बधिर पडणे, अथवा अतिश्रमानंतर मूत्र गडद तपकिरी होणे, ही आत्ययिक लक्षणे होत. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

चिकित्सा

नव्या आघातात पहिले तीन-चार दिवस मर्दन व उष्ण स्वेद वर्ज्य करावा. शीत लेप, सैल बंधन आणि वेदनाकारक हालचालीपुरती विश्रांती पुरेशी असते.

वेदना जीर्ण झाल्यास सुश्रुताचार्यांनी स्नायु-संधि-अस्थिगत वातासाठी सांगितलेले स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन हे उपक्रम अवस्थेनुसार योजावेत. महानारायण तैलाचा मृदू अभ्यंग आणि निर्गुंडीपत्रांचा पोटली स्वेद आम्ही वापरतो. पोटात त्रयोदशांग गुग्गुळ अथवा लाक्षादि गुग्गुळ प्रकृती व अग्नी पाहून द्यावा. अग्निकर्म कोपराच्या बाहेरील बाजूस करता येते. आतील बाजूस अस्थीच्या मागूनच नाडी जात असल्याने तेथे ते टाळावे. शरद व ग्रीष्म ऋतूंत आत्ययिक अवस्थेवाचून अग्निकर्म निषिद्ध आहे, याचे स्मरण असावे.

स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन आलेले रुग्णही भेटतात. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावलोकनानुसार कोपराच्या बाहेरील वेदनेत या इंजेक्शनाने आरंभी आराम मिळतो, परंतु पुढील काळात इतर उपचारांच्या तुलनेत परिणाम हीन ठरतो.

भाराची पुनर्योजना

निदानपरिवर्जन म्हणजे व्यायामाचा कायमचा त्याग नव्हे. पूर्ण विश्रांतीने वेदना शमते, पण कंडरा अधिकच दुर्बल होते आणि पहिल्याच दिवशी दुखणे परतते. कोपराच्या बाहेरील वेदनेत प्रबाहू मेजावर टेकवून, तळहात खाली व मनगट कडेबाहेर ठेवावे. हातात अर्ध्या ते एक किलोचे वजन घ्यावे. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलावे आणि दुखऱ्या हाताने तीन ते पाच सेकंदांत सावकाश खाली सोडावे. अशा पंधरा आवृत्त्यांच्या तीन फेऱ्या कराव्यात. किंचित वेदना चालेल. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत न शमल्यास वजन घटवावे. आतील वेदनेत हाच क्रम तळहात वर ठेवून करावा.

व्यायामशाळेत सरळ दांड्याऐवजी वाकडा दांडा घ्यावा, मनगट मागे मोडू देऊ नये आणि मूठ गरजेपुरतीच आवळावी. पूर्ववत होण्यास आठवडे नव्हे, बहुधा महिने लागतात, हे रुग्णास प्रथमच स्पष्ट सांगावे.

स्पर्धक रुग्णासंबंधी सूचना

कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. वातव्याधीत आपण सहज लिहून देतो ती विषतिंदुक वटी, तसेच अग्नितुंडी वटी, ही दोन्ही कुचलायुक्त औषधे आहेत. खेळाडूच्या मूत्रपरीक्षेत दोष निघाल्यास वैद्याच्या चिठ्ठीने त्याची सुटका होत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून रुग्ण स्पर्धेत उतरणार आहे काय, हा प्रश्न औषध लिहिण्यापूर्वी विचारावा आणि प्रत्येक कल्पाचे घटक तपासावेत.

प्रबाहुशूल हा लहानसा विकार वाटतो. परंतु अनेक तरुणांची भरती, स्पर्धा व रोजगार याच हातावर अवलंबून असतो. तेलाची बाटली उघडण्यापूर्वी दुखऱ्या जागेवर बोट ठेवून दोन मिनिटे केलेले परीक्षण त्यांच्या दृष्टीने अमोल ठरते.