२५ लाकडं, ५ माणसं

"घरं बांधायला विसरलो, तिथेच मेलो." संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, अंबरनाथ सुटल्यावर, दाराशी उभा असलेला एक पोरगा मित्राला सांगत होता. बदलापुरात घरं बांधायला कोणी विसरल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं, म्हणून न राहवून विचारलं. निघाला 'एज ऑफ एम्पायर्स २'. संगणकावरचा खेळ, १९९९चा, २०१९ साली नव्या रूपात आलेला. "रविवारी घरी या काका, दाखवतो," म्हणाला.

हा पोरगा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आठवडाभर आवक-जावक लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच, फक्त पडद्यावर. सुरुवातीला हाती तीन गावकरी, एक घोड्यावरचा टेहळ्या आणि मधोमध टाउन सेंटर. सगळे त्याला टीसी म्हणतात. भांडारात अन्न, लाकूड, सोनं, दगड. नवा गावकरी हवा तर ५० अन्न मोजा आणि २५ सेकंद थांबा. पण टीसीत सोय पाचांचीच, त्यातले चार आधीच हजर. म्हणून पहिल्याच क्षणी दोघांना घरं बांधायला धाडायचं. "२५ लाकडं, ५ माणसं," तो पाढ्यासारखं म्हणाला. पुढचे दोन तास हे मी किती वेळा ऐकलं!

मेंढ्या, रानडुकराची शिकार, लाकडाची वखार, मग शेतं: हे सगळं तो न बघता करत होता. माझं लक्ष मात्र त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाकडे जात होतं. ते सारखं पूर्णविरामाच्या कळीवर पडे. ती दाबली की रिकामा उभा असलेला गावकरी पडद्यावर हजर. एखाद्याची मेंढी संपली, झाड तुटून पडलं, की तो तसाच उभा राहतो, बिचारा. लगेच टिक, आणि पुढचं काम. या खेळात दम खायची मुभा कोणालाच नाही. मला तो मुकादमच वाटू लागला.

"आणि या घरांत राहतं कोण?"

"कोणीच नाही. ख्मेर घेतले तरच गावकरी आत शिरतात. बाकीच्यांना घर म्हणजे नुसता आकडा."

शेवटी लोकसंख्येची मर्यादा २००. त्याआधी सोन्याच्या खाणी आटतात, जंगलं साफ होतात. २०२२ साली द्रविड, बंगाली आणि गुर्जर या खेळात आले. शिलाहार अर्थातच नाहीत, जरी त्याच मध्ययुगातलं, १०६० सालचं त्यांचं शिवमंदिर इथून एका स्टेशनावर, अंबरनाथला, उभं आहे.

एका बाबतीत मात्र मी या खेळाला मानलं: आधी घर, मग माणूस. घर नसेल तर टीसी नवा माणूस देतच नाही. आमच्या पट्ट्यात उलटं घडलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले ते कल्याणच्या लष्करी छावणीत, सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये. तिथे माणसं लाखाच्या घरात गेली आणि त्यानंतर, ८ ऑगस्ट १९४९ला, राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. कॅम्प एक ते पाच ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगावी लागतात. त्या बराकींना वाढत्या कुटुंबांनी स्वतःच पोटमाळे आणि मजले चढवले. तेव्हा लाकडं मोजत कोण बसलं होतं?

"यात पाणी कुठे साठवायचं?" मी विचारलं.

तो हसला. "पाणी लागतच नाही, काका." नदी आहे, मासे आहेत, नावा आहेत, तहान नाही. आमच्याकडे बारवी धरणाची उंची वाढवताना गावं बुडाली, ती पाण्याच्याच खात्यातली. पण या भांडारात तो रकाना ठेवायला कोणाला सुचलंच नाही. खेळ करणारे कधी आमच्याकडे उन्हाळ्यात राहिले नसावेत.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. "अरे, पाणी आलंय. ड्रम भर आधी, अर्ध्या तासात जाईल."

"आई, थांब ना गं, समोर दुसरा खेळतोय."

"मग त्यालाच सांग ड्रम भरायला."

तो उठला. पाइप लावून, दोन ड्रम आणि बादल्या भरून परत येईपर्यंत टीसी रिकामा बसला होता, सात गावकरी तुटलेल्या झाडांपाशी उभे होते आणि समोरच्याचे घोडेस्वार शेतात घुसले होते. थोड्याच वेळात डाव गेला. त्याने ओल्या हाताने माउस पुसला आणि नवा डाव लावला.

"२५ लाकडं," तो म्हणाला, "पाणी येण्याआधी चार घरं बांधून ठेवायला हवी होती."